घंटा नसलेला मनोरा

सुरतेहून मुंबईकडे येणारी आगगाडी वैतरणा ओलांडते आणि थोड्याच वेळात वसई येते. तेथे उतरून आम्ही परवा किल्ल्यात गेलो. या दोन गावांचे नाते जुने आहे. सुरत ज्याच्या राज्यात होती, त्या गुजरातच्या बहादूरशहानेच १५३४ साली तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली.

किल्ल्यातील झाडीच्या वर डोके काढून एक मनोरा उभा आहे. हा सेंट जोसेफच्या देवळाचा घंटामनोरा. सोळाव्या शतकाच्या मध्यास उभे राहिलेले हे देऊळ म्हणजे वसई शहराचे मुख्य धर्मग्राममंदिर. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत, पेद्रो गाल्वांव परेरा हे व्हिकर असताना, १६०१ साली त्याचा जीर्णोद्धार झाला, असे तेथील शिलालेखात नमूद आहे.

आज त्या मंदिराला छप्पर नाही. जेथे मिस्सा होत असे तेथे पावसाळ्यात गवत माजते. मनोऱ्यातील अरुंद गोल जिना शाबूत आहे. घंटा मात्र नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला सर केला आणि वसईच्या घंटा देशावर गेल्या. त्यांतील एक, १७२१ साल कोरलेली, नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरात आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ती हीच!

घंटा गेली म्हणून श्रद्धा गेली काय? नाही. पापडी, सांडोर, रमेदी, माणिकपूर, नंदाखाल येथील आपल्या पूर्वजांनी माजघरात दिवा लावून रोझरी चालू ठेवली. १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो त्यांच्याच निष्ठेच्या पायावर.

तरीही एका गोष्टीने आमचे मन विषण्ण झाले. भिंतींच्या सांध्यांत झाडांची मुळे शिरली आहेत, ती तर निसर्गाची करणी. परंतु चुन्यावर खिळ्याने कोरलेली नावे कोणाची? काळाने जे राखले, ते आपल्या हातांनी विद्रूप करावे काय?

वाचकहो, सुटीत मुलाबाळांना घेऊन येथे अवश्य जा. त्यांना मनोरा दाखवा आणि पणजोबांच्या गोष्टी सांगा. परतताना मागे नाव ठेवू नका. क्षणभर हात जोडा, तेवढे पुरे.