फरक मोजायला शिकवणारी विद्यापीठे

वस्तीतलीच, शाळा शिकलेली एक तरुणी. तिसरी-चौथीत मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसते आणि त्यांच्याकडून वाचन, अंक, बेरीज-वजाबाकी पक्की करून घेते. मुंबईत १९९५ साली माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेचा हा बालसखी उपक्रम. मुले शिकत होती, ते सगळ्यांना दिसत होते. पण वर्ष सरले की मुले एरवीही थोडी पुढे जातातच. मग यातला बालसखीचा वाटा किती?

याचे उत्तर शोधायला २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत एक पाहणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे शाळांचे दोन गट पाडले. एका गटात बालसखी तिसरीला मिळाली, दुसऱ्या गटात चौथीला. त्यामुळे एकही शाळा वंचित राहिली नाही आणि तरीही तुलना साधली: बालसखी असलेली तिसरी आणि नसलेली तिसरी, असलेली चौथी आणि नसलेली चौथी. गट चिठ्ठीने पडलेले असल्यामुळे हुशार मुले किंवा उत्साही मुख्याध्यापक एकाच बाजूला गोळा होण्याची भीती नव्हती. बालसखी मिळालेल्या वर्गांचे गुण वाढले आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला.

तो करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा; त्यांच्या आई, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. बॅनर्जी, डुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी २००३ साली अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या एमआयटीमध्ये एक संशोधन केंद्र स्थापन केले. पुढे देणगीदाराच्या वडिलांचे नाव त्याला मिळाले: अब्दुल लतीफ जमील पॉव्हर्टी अ‍ॅक्शन लॅब, म्हणजेच जे-पाल. बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा या केंद्राचे नाव घरोघरी पोचले. त्याच्या संशोधनाबद्दल खूप लिहिले गेले आहे. त्याने शिकवण्याचे जे काम उभारले, ते मला तितकेच मोलाचे वाटते.

योजना जिथे राबवल्या जातात तिथे त्या तपासणारी माणसे नसतील, तर एका विद्यापीठाने कितीही शोधनिबंध लिहिले तरी ते पुरणार नाहीत, हे जे-पालच्या लवकर लक्षात आले. म्हणून त्याने आपली प्रादेशिक कार्यालये ठिकठिकाणच्या विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत थाटली. युरोपचे कार्यालय पॅरिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, लॅटिन अमेरिकेचे चिलीच्या कॅथलिक विद्यापीठात, आफ्रिकेचे केप टाऊन विद्यापीठात, आग्नेय आशियाचे इंडोनेशिया विद्यापीठात. दक्षिण आशियाचे कार्यालय चेन्नईच्या आयएफएमआर संस्थेच्या आश्रयाने उभे राहिले. यजमान विद्यापीठ बदलले की अभ्यासाला येणारे प्रश्न बदलतात, शिकवणारे बदलतात आणि तिथल्या सरकारशी बोलण्याची वाट मोकळी होते. तमिळनाडू सरकारने २०१४ साली योजनांच्या मूल्यमापनासाठी जे-पालशी भागीदारी केली, ती अशाच जवळिकीतून.

दुसरे पाऊल २०१७ साली पडले. एमआयटीच्या अर्थशास्त्र विभागाने आणि जे-पालने मिळून पदव्युत्तर पातळीचे पाच विषय ऑनलाइन खुले केले. त्यांत सूक्ष्म अर्थशास्त्र आहे, सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांसाठी सांख्यिकी आहे, जागतिक गरिबीचे प्रश्न आहेत आणि प्रत्यक्ष चाचणी कशी आखावी, कशी चालवावी याचाही एक विषय आहे. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची तर फी शिकणाऱ्याच्या उत्पन्नानुसार, सुरुवातीला विषयामागे १०० ते १००० डॉलर, अशी ठरली. चांगले गुण मिळवणाऱ्यांतून काहींची एमआयटीच्या पदव्युत्तर पदवीसाठी निवड होते. पहिली तुकडी २०२० साली केंब्रिजला पोचली. या प्रवेशासाठी आधीची पदवी बंधनकारक नाही. ऑनलाइन विषयांतली कामगिरी महत्त्वाची ठरते. प्रतिष्ठित विद्यापीठाने आपला दरवाजा इतका रुंद करावा, ही सोपी गोष्ट नाही. मला या साऱ्या उपक्रमातला हा सर्वांत उदार भाग वाटतो.

इथे शिकवतात तरी काय? उदयपूर जिल्ह्यातल्या लसीकरणाचा अभ्यास पाहा. ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर १३४ गावांत तो झाला. काही गावांत वेगळे काहीच केले नाही. तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुले ६ टक्के निघाली. काही गावांत दर महिन्याला न चुकता शिबिर भरले. प्रमाण १८ टक्क्यांवर गेले. उरलेल्या गावांत शिबिराबरोबर दर लशीमागे किलोभर डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला; तिथे ३९ टक्के. डाळ वाटणे म्हणजे उधळपट्टी, असे कुणालाही वाटेल. हिशेब उलटा निघाला. शिबिराला जास्त मुले आल्यामुळे परिचारिकेचा आणि प्रवासाचा खर्च जास्त मुलांत वाटला गेला आणि पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला.

या एका उदाहरणात विद्यार्थ्याला बरेच काही शिकावे लागते. गाव निवडायचे की कुटुंब? फरक खात्रीने दिसायला किती गावे लागतील? लस मिळाल्याचे आईच्या सांगण्यावरून धरायचे, कार्डावरून, की आणखी कशावरून? ज्या गावांना काही दिले नाही, त्यांच्याशी आपले वागणे न्याय्य आहे का? सांख्यिकी पुस्तकातून येते. बाकीचे प्रश्न गावात गेल्याशिवाय उमजत नाहीत.

या पद्धतीवर गंभीर टीकाही झाली आहे. २०१५ सालचे नोबेल विजेते अँगस डीटन यांचे म्हणणे असे, की एका ठिकाणी लागू पडलेली गोष्ट दुसरीकडे लागू पडेलच असे नाही आणि फरक पडला एवढे कळून तो का पडला हे कळत नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच मूल्यमापनाचे शिक्षण ठिकठिकाणच्या विद्यापीठांत पसरणे गरजेचे आहे. उदयपूरचे उत्तर गडचिरोलीला चालेल का, हे गडचिरोली ओळखणाऱ्यालाच तपासता येईल. केंब्रिजमध्ये बसलेल्या प्राध्यापकाला ते जमणार नाही.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा शेतीवर आणि गावांवर काय परिणाम झाला, याची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली निघाला. १९५२ साली सामूहिक विकास कार्यक्रम सुरू होतानाच नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली. तिच्या पहिल्या वर्षांत संचालक होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर झाले. योजना सुरू झाली त्याच दिवसांत ती तपासणारी यंत्रणाही उभी करणारा देश जगात तेव्हा विरळाच होता.

आज लागते ती या परंपरेला पदव्युत्तर शिक्षणाची जोड. मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कोल्हापूर इथल्या विद्यापीठांनी मिळून एक अभ्यासक्रम चालवावा: सांख्यिकी एकाने शिकवावी, क्षेत्रपाहणी दुसऱ्याने, आरोग्य आणि शिक्षणातली मोजमापे तिसऱ्याने, आणि एका ठिकाणी मिळवलेले श्रेयांक सगळ्यांनी मान्य करावेत. त्यातला मोठा भाग मराठीत असावा, कारण प्रश्नावली शेवटी मराठीत विचारली जाते, आणि नंदुरबारच्या पाड्यावर तर भिली-पावरीत. प्रश्न समजलाच नाही तर आलेल्या उत्तरावर उभे केलेले गणित कितीही अचूक असो, ते निरुपयोगी ठरते. या वर्गात जिल्हा परिषदेचा विस्तार अधिकारी, संस्थेतला कार्यकर्ता आणि अनुभवी अंगणवाडी पर्यवेक्षिका यांनाही जागा हवी. पदवीची अट शिथिल करून एमआयटीची गुणवत्ता घसरली नाही. आपली घसरेल असे मानण्याचे कारण नाही. सरकार योजनांवर जो पैसा खर्च करते तो लोकांचा असतो, आणि त्याने कुणाचे आयुष्य खरोखर बदलले हे शोधण्याची विद्या लोकांच्या विद्यापीठांतच शिकवली गेली पाहिजे.