‘देवदास’ला ‘माणूस’चे उत्तर

बोलपटावरील टीका वर्तमानपत्राच्या स्तंभातच व्हावी असे नाही. दुसरा बोलपट काढूनही ती करता येते, आणि आपल्या मराठीत ती झालेली आहे.

शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबरीवरून कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली ‘देवदास’ काढला. दिग्दर्शक प्रमथेश बारुआ. पारोशी लग्न झाले नाही म्हणून मद्यात बुडणारा आणि अखेर तिच्याच दाराशी प्राण सोडणारा हा तरुण हिंदी आवृत्तीत सैगलच्या गळ्यातून देशभर पोचला. लोक ढसाढसा रडले. व्ही. शांतारामांना मात्र ते रडणे मानवले नाही. प्रेम हरपले म्हणून तरुणांनी आयुष्यच उधळून द्यावे काय, हा त्यांचा सवाल; आणि प्रभातचा ‘माणूस’ (१९३९) हे त्यांचे उत्तर.

त्यात गणपत हा साधा पोलीस शिपाई (शाहू मोडक) मैना या वेश्येवर (शांता हुबळीकर) जीव लावतो. शेवट गोड नाही, हे ध्यानात घ्यावे. मैनेच्या हातून खून होतो. गणपत तिला तुरुंगातून सोडवू पाहतो, तर तीच नकार देते. प्रेम येथेही हरवतेच. पण गणपत जगण्याकडे पाठ फिरवीत नाही. जाता जाता शांतारामांनी बॉम्बे टॉकीजच्या गोड गोड प्रेमप्रसंगांचीही टर उडविली आहे. ती बॉम्बे टॉकीज म्हणजे आपल्या कांदिवलीच्या शेजारचे मालाड!

गंमत अशी की, बारुआंच्या ‘देवदास’चे छायालेखक बिमल रॉय याच बॉम्बे टॉकीजच्या ‘माँ’साठी (१९५२) मुंबईस आले, आणि १९५५ साली त्यांनी पुन्हा ‘देवदास’च काढला. नायक दिलीपकुमार, त्यांचा पहिला चित्रपटही मालाडचाच. म्हणजे शांतारामांचा आक्षेप लोकांनी ऐकला, आणि रडणे काही सोडले नाही.

माझ्या मते तो आक्षेप प्रेक्षकांना जितका लागू पडतो, तितका मूळ कथेला पडत नाही. देवदासपेक्षा पारो आणि चंद्रमुखी यांनी काय कमी गमावले? पण पारो बिजवराचा संसार आणि त्याची मोठी मुले सांभाळते. चंद्रमुखी धंदा सोडून खेड्यात राहू लागते. दोघी जगतात. आपण मात्र मरणाऱ्याकडेच पाहत बसलो. वैजयंतीमालेने तेवढे ओळखले होते. चंद्रमुखीसाठी मिळालेले फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक तिने नाकारले. आपली भूमिका पारोच्या तोलाची आहे, दुय्यम नाही, असे तिचे म्हणणे होते.