एका खोलीची ऊब

इंग्लंडहून परत आलेल्या माणसाला "थंडी किती असते हो तिकडे?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. मलाही तो अनेकांनी विचारला. बाहेरची थंडी कपड्यांवर कपडे चढवून भागवता येते. खरा प्रश्न असतो घरातल्या उबेचा. ती पैसे मोजून घ्यावी लागते. ती सबंध घराची न घेता आपल्या एका खोलीपुरतीच घेता येईल का? २०२२-२३ साली एम. ए. साठी लीड्सला असताना मी हा प्रयोग करून पाहिला. तो कसा फसला आणि का फसला, हे पुढेमागे तिकडे जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

आम्ही चौघीजणी एका जुन्या विटांच्या घरात भाड्याने राहत होतो. गॅसचे बिल चौघींत वाटले जाई. तिकडच्या बहुतेक घरांप्रमाणे तेथेही 'सेंट्रल हीटिंग' होते. याची कल्पना यायला आपला बंब डोळ्यांसमोर आणावा. स्वयंपाकघरात भिंतीवर गॅसवर चालणारा बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी पंपाच्या जोरावर नळ्यांतून घरभर फिरते. प्रत्येक खोलीत खिडकीखाली पत्र्याची पोकळ, चपटी पेटी असते. तिला रेडिएटर म्हणतात. पाणी तिच्यातून जाताना आपली उष्णता खोलीला देते आणि निवून पुन्हा बॉयलरकडे येते. बंब एकच, पाणी मात्र सगळ्या घराचे.

डिसेंबरच्या मध्यास कडाक्याची थंडी पडली. नाताळच्या सुटीत तिघी मैत्रिणी आपापल्या घरी गेल्या आणि मी एकटी उरले. त्या वर्षी गॅस आणि वीज भलतीच महागली होती. मी हिशेब केला : सहा रेडिएटरांपैकी पाच बंद केले, तर बिल एक-षष्ठांश येईल! लगेच घरभर फिरून एकूण एक रेडिएटर बंद केले, खाली प्रवेशद्वाराजवळच्या बोळातलासुद्धा, आणि माझ्या खोलीतला पूर्ण उघडला.

रात्री खोलीची भट्टी झाली. शेवटी मला खिडकी उघडावी लागली! खाली बॉयलर मात्र पेटत होता, विझत होता, पुन्हा पेटत होता. सकाळपर्यंत त्याला उसंत नव्हती.

कारण साधे होते. घरात पुरेशी ऊब झाली की नाही, हे बॉयलरला सांगणारा थर्मोस्टॅट बोळातल्या भिंतीवर होता. तो १८ अंशांवर लावलेला होता आणि बोळातला रेडिएटर मी बंद केलेला. बोळ गारच राहिला आणि थर्मोस्टॅट बॉयलरला 'अजून थंडी आहे' असेच सांगत राहिला. माझ्या खोलीत काय चालले आहे, हे त्याला कळणार कसे?

खोलीपुरते नियंत्रण रेडिएटरच्या झडपेवर असते. तिच्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेले असते. खोली तापली की ते प्रसरण पावते आणि आतली खीळ दाबून पाण्याची वाट अरुंद करते. खोली निवली की ते आकसते आणि वाट मोकळी होते. या झडपेवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. मी ती ५ वर ठेवली होती. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापते, हा माझ्यासारखाच अनेकांचा गैरसमज असतो. ती लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. बोळातल्या रेडिएटरला अशी झडप नव्हती, साधी फिरकी होती. जेथे थर्मोस्टॅट असतो तेथला रेडिएटर उघडाच राहावा, म्हणून मुद्दाम तशी योजना करतात.

दुसरी गोष्ट बॉयलरच्या ताकदीची. आमचा बॉयलर २४ किलोवॅटचा होता. आच कितीही मंद केली तरी तो सात-आठ किलोवॅटच्या खाली येत नसे, आणि माझ्या रेडिएटरला लागत होता जेमतेम एक. तांब्याभर पाण्यासाठी मोठा बंब पेटवावा, तसा हा प्रकार. पाणी क्षणात तापे, बॉयलर विझे, मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा पेटे. अशा धरसोडीत गॅस वाया जातो आणि यंत्रही झिजते.

तिसरी गोष्ट भिंतींची. घराच्या बाहेरच्या भिंतींची कोणी काळजी घेतो. खोल्या-खोल्यांमधल्या भिंती मात्र पातळ असतात. शेजारच्या गार खोल्या माझ्या खोलीची उष्णता सतत शोषून घेत होत्या. म्हणून सहापैकी एक खोली तापवली तरी खर्च एक-षष्ठांशावर येत नाही. बचत होते, पण अपेक्षेपेक्षा बरीच कमी.

हे सारे पैशांचे झाले. मनाला लागली ती चौथी गोष्ट. मी कपडे धुऊन माझ्याच रेडिएटरवर वाळत घालत असे. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, हे आपण रोज पाहतो. २० अंशांच्या दमट हवेला १२ अंशांची भिंत लागली, की तिच्यावर तसेच पाणी सुटू शकते. माझ्या खोलीतली दमट हवा दाराच्या फटीतून शेजारच्या बंद, गार खोलीत जात होती. जानेवारीत मैत्रीण परतली तेव्हा तिच्या कपाटामागची भिंत बुरशीने काळी झाली होती. कोटावर आणि पुस्तकांवरही बुरशी होती. तिला दम्याचा त्रास. पुढचे पंधरा दिवस ती माझ्या खोलीत झोपली. ती एका शब्दाने बोलली नाही. पण रात्री तिला खोकल्याची उबळ आली की मला माझा हिशेब आठवे.

पूर्वी इंग्लंडात एकच खोली तापवण्याची रीतच होती. बैठकीच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटे आणि सारे कुटुंब तिच्याभोवती बसे. परंतु तेव्हा आग त्याच खोलीत असे, आणि धुराडे धुराबरोबर दमट हवाही ओढून नेई. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत तेथील घरोघरची गॅसची साधने उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायूसाठी बदलण्यात आली आणि सेंट्रल हीटिंगचा प्रसार झपाट्याने झाला. धुराडी बुजली, खिडक्या घट्ट झाल्या. आता सगळे घर थोडेथोडे तापेल, हे गृहीत धरूनच सारी व्यवस्था चालते.

मग काटकसर करूच नये काय? अवश्य करावी, पण रीतीने. आपल्या खोलीची झडप ३ वर ठेवावी. रिकाम्या खोल्यांच्या झडपा १ किंवा २ वर ठेवाव्यात, पूर्ण बंद करू नयेत. कडक थंडीत तर नळ्यांतले पाणी गोठून त्या फुटण्याचाही धोका असतो. थर्मोस्टॅटजवळचा रेडिएटर उघडा ठेवावा. खोल्यांची दारे लावून घ्यावीत, कपडे वाळत घातले की खिडकी थोडा वेळ उघडावी. बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचे तपमान ५५-६० अंशांपर्यंत उतरवले तर नव्या पद्धतीचा बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णताही पुन्हा मिळवतो आणि गॅस कमी लागतो.

विजेच्या हीटरचाही विचार मनात येतो. त्या हिवाळ्यात सरकारने दर बांधून दिल्यावरही गॅसच्या युनिटला सुमारे १० पेन्स आणि विजेच्या युनिटला सुमारे ३४ पेन्स पडत. म्हणजे तेवढीच उष्णता विजेने घेतली तर जवळजवळ तिप्पट खर्च. तास-दोन तास एकाच खोलीत बसायचे असेल तर हीटर परवडतो, दिवसभर नाही. त्यापेक्षा शंभरेक वॅटचे विजेचे पांघरूण बरे. ते खोली तापवत नाही, माणसाला तापवते.

फेब्रुवारीत आम्ही चौघींनी मिळून ती भिंत धुतली, आणि सगळ्या झडपांचे आकडे एका कागदावर लिहून तो बॉयलरशेजारी चिकटवला. पुढचे बिल कमी आले. किती, ते महत्त्वाचे नाही. त्या खोलीत बुरशी पुन्हा आली नाही.