‘माहीत नाही’ म्हणणारा नास्तिक कसा?

मैत्रिणींनो, पोरगा आरतीला उभा राहतो, टाळ्याही वाजवतो. पण ‘देव आहे की नाही, मला सांगता येत नाही’ म्हणाला, की आपण त्याला ‘नास्तिक’ म्हणून मोकळ्या होतो. आमच्या दारव्ह्यातही हेच ऐकू येतं.

खरं तर नास्तिक म्हणजे ‘देव नाहीच’ म्हणणारा. ज्याला नक्की सांगता येत नाही, तो अज्ञेयवादी. ज्ञेय म्हणजे जाणता येण्याजोगं. जे जाणता येत नाही ते अज्ञेय. यासाठी इंग्रजीतला ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द शास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांनी १८६९ मध्ये ग्रीक भाषेवरून घडवला. शंका मात्र फार जुनी. सृष्टी कुठून आली, हा प्रश्न ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तानेही मोकळाच ठेवलाय.

‘सुधारक’कार गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) अज्ञेयवादी म्हणूनच ओळखले जातात. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली! घरात मात्र पत्नी यशोदाबाई देवधर्म करायच्या, आगरकरांनी त्यांना अडवलं नाही.

एका छपराखाली श्रद्धा आणि शंका दोन्ही नांदल्या. मग आपल्या घरात का नांदू नयेत? पोराला नाव ठेवण्याआधी त्याचं म्हणणं तरी ऐकून घेऊ या.