राखणीच्या कुत्र्याचे लंगडणे

मेंढरांची वा पिकांची राखण करणारा कुत्रा मागील पाय उचलून चालू लागला, की काटा रुतला असेल असे समजून पुष्कळदा दुर्लक्ष होते. पंजात काटा वा जखम आढळली नाही, तर गुडघ्याविषयी शंका घ्यावी. कुत्र्याचा गुडघा मागील पायाच्या पुढील बाजूस, मांडीखाली असतो. मागे टोक काढलेला सांधा हा घोटा होय.

मांडीचे व नळीचे हाड जखडून ठेवणारा गुडघ्यातील अस्थिबंध बहुधा जुन्या दोराप्रमाणे हळूहळू विरत जातो आणि एखाद्या उडीचे निमित्त होऊन तुटतो. मग हाडे एकमेकांवर सरकतात, त्यांवरील कूर्चा झिजते व संधिवात कायमचा जडतो. असा कुत्रा केवळ बोटे टेकवून उभा राहतो, बसताना पाय बाजूस पसरतो. पुढे मांडी रोडावते.

अशा कुत्र्यास बांधून विश्रांती द्यावी व विनाविलंब पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पाय ओढू, चोळू वा डागू नये. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मुळीच देऊ नयेत. त्यांनी कुत्रा दगावू शकतो. १५ किलोहून कमी वजनाची कुत्री ६ ते ८ आठवड्यांच्या विश्रांतीने पुष्कळदा सुधारतात; वजनदार कुत्र्यांस बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्रा लठ्ठ होऊ देऊ नये, कारण वाढत्या वजनाचा भार दुखऱ्या सांध्यावरच पडतो. अनेक कुत्र्यांत कालांतराने दुसऱ्याही गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो. म्हणून बरा झालेल्या कुत्र्याच्या चालीवर पुढेही लक्ष ठेवावे.