अमेरिकेतला आरोग्यविमा : भाग ४ – औषधांच्या यादीमागचा व्यवहार

डिडक्टिबलचं, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी आपल्या खिशातून भरायच्या रकमेचं, गणित गेल्या आठवड्यात पाहिलं. आज औषधं. आपल्याकडचा मेडिक्लेम मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाला येतो. रोजच्या गोळ्यांचे पैसे आपण आपले भरतो. अमेरिकेत या गोळ्याही विम्यात येतात, पण सगळ्या नाही. ज्या येतात त्यांच्या यादीला तिकडे फॉर्म्युलरी म्हणतात.

ही यादी विमा कंपनी सहसा स्वतः करत नाही. ते काम पीबीएम, म्हणजे फार्मसी बेनिफिट मॅनेजर, या मध्यस्थाकडे असतं. सीव्हीएस केअरमार्क, एक्स्प्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टमआरएक्स हे तिघे मिळून तिथल्या सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनांचा व्यवहार सांभाळतात. औषध आधी डॉक्टर-फार्मासिस्टांच्या समितीपुढे जातं. गुण किती, अपाय किती, त्याच कामाचं दुसरं औषध आहे का, हे समिती बघते. अनेकदा उत्तर येतं, दोन्ही सारखीच. मग पैसा बोलू लागतो. यादीत चांगली जागा मिळावी म्हणून औषध कंपनी विक्रीमागे ठरावीक रक्कम परत देते, तो रिबेट. छापील किंमत जितकी चढी, तितका रिबेटला वाव जास्त.

ह्युमिरा या संधिवातावरच्या इंजेक्शनाची कथा यासाठी बघण्यासारखी आहे. जानेवारी २०२३मध्ये त्याला अमेरिकेत पहिला प्रतिस्पर्धी आला, ॲमजेन कंपनीचं ॲमजेविटा. कंपनीनं एकाच औषधाला दोन किमती लावल्या : एक ह्युमिरापेक्षा ५ टक्के कमी, दुसरी ५५ टक्के कमी. साध्या गिऱ्हाइकाला हा वेडेपणा वाटेल. पण महाग पाकीट होतं रिबेट हवा असणाऱ्यांसाठी! स्वस्त पर्याय बाजारात असूनही ते वर्ष ह्युमिराचंच गेलं. १ एप्रिल २०२४ला सीव्हीएस केअरमार्कनं आपल्या मोठ्या याद्यांतून ह्युमिरा काढलं आणि पर्यायांत आपल्याच समूहातल्या कॉर्डाव्हिसचं हायरिमोझ पुढे केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच पर्यायी औषधांची प्रिस्क्रिप्शनं भराभर वाढली. आजार तोच, डॉक्टर तेच, बदलली ती यादी.

रिबेटचा बहुतेक भाग विम्याकडे जातो आणि त्यामुळे हप्ते कमी राहतात, असं पीबीएम सांगतात. त्यात तथ्य आहे. पण डिडक्टिबल न संपलेला रुग्ण दुकानात बहुधा छापील किमतीच्या आसपास पैसे मोजतो. म्हणजे धडधाकट माणसाचा हप्ता आजारी माणसाच्या खिशातून हलका होतो. मला हे उफराटं वाटतं.

यादीतही पायऱ्या असतात. जेनेरिक औषधं सर्वांत स्वस्त पायरीवर. त्यांतली पुष्कळशी भारतातून गेलेली. महागड्या औषधांना आधी मंजुरी लागते, किंवा ‘पहिल्यांदा स्वस्त औषध घेऊन बघा’ अशी अट असते.

ज्येष्ठांच्या मेडिकेअरमध्ये औषधांचा विमा २००६पासून आहे. तिथे प्रत्येक वर्गातली किमान दोन औषधं ठेवावी लागतात. कर्करोग, एचआयव्ही, अपस्मार अशा सहा वर्गांत तर जवळपास सगळीच.

तिकडे तुमचे कुणी मेडिकेअरवर असतील तर त्यांना एवढं जरूर सांगा : यादी दरवर्षी बदलते, आणि योजना बदलण्याची मुदत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असते. औषध यादीत नसेल तर डॉक्टरांकरवी अपवाद मागता येतो. डॉक्टरांचं समर्थनपत्र पोचल्यावर योजनेला ७२ तासांत, तातडी असेल तर २४ तासांत, उत्तर द्यावंच लागतं.