वाळणाऱ्या रंगातून उडून जाते ते काय?

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकामाची बोलणी सुरू होतात, आणि त्याबरोबरच वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक उद्गार हमखास ऐकू येतो : “पूर्वीचा ऑइलपेंट वर्षानुवर्षे टिके; आताच्या रंगात तो दम राहिला नाही.” ह्या उद्गारात तथ्य किती आणि आठवणींची माया किती, याचा विचार करू गेल्यास असे दिसते की, रंगात जो बदल झाला त्याचे मूळ बव्हंशी त्यातून उडून जाणाऱ्या द्रवात आहे.

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात. छटा देणारी व खालचा पृष्ठभाग झाकणारी रंगद्रव्याची पूड, ती पूड भिंतीला अथवा लोखंडाला धरून ठेवणारा बंधक, आणि हे दोन्ही कुंचल्याने पसरता यावेत म्हणून घातलेला द्रावक. पहिले दोन घटक घरात राहतात. तिसरा काम आटोपताच हवेत निघून जातो. परंतु बंधक कोणता वापरता येईल, रंग कसा पसरेल, किती वेळात वाळेल, हे सारे पुष्कळसे ह्या पाहुण्यावरच अवलंबून असते.

आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना चुन्याची सफेदी असे. तिच्यात द्रव म्हणून होते ते निव्वळ पाणी. दारे-खिडक्यांना मात्र जवसाच्या तेलात खललेला रंग लागे, आणि तो पातळ करण्यासाठी चीड वृक्षाच्या राळेपासून मिळणारे टर्पेंटाइन वापरीत. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांच्याकडून करवून घेतलेली वडोदऱ्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातील तैलचित्रे ह्याच कुळातील होत. पुढे खनिज तेलाचे युग आले. रॉकेलाचा सख्खा भाऊ शोभेल असा एक अंश टर्पेंटाइनची जागा घेऊ लागला व नावही ‘मिनरल टर्पेंटाइन’ असेच धारण करता झाला. वडोदऱ्याजवळील कोयली येथे १९६५ साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. अशाच कारखान्यांतून हा द्रव निघतो. आज रंगारी ज्याला टर्पेंटाइन म्हणतो ते बहुधा हेच असते.

मोटारींच्या रंगाची कथा याहून वेगवान आहे. तेलाचा रंग वाळण्यात एकेका गाडीचे आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आणला. त्यातील तीव्र द्रावक भराभर उडून जात व थर काही तासांत वाळे. थिनरचा उग्र दर्प कारखान्यांत शिरला तो तेव्हापासून.

ही वाफ जाते कोठे, हा प्रश्न प्रथम निकडीचा ठरला तो लॉस एंजेलिस शहरात. हवेतील हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तेथील डोळे झोंबविणारे धुके तयार होते, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिले. १९६६ साली तेथे द्रावकांवर निर्बंध आले. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक गटात घातला. आपली भिंत चार दिवसांत वाळते. रंगारी मात्र ती वाफ आयुष्यभर हुंगतो, हे घरमालकाने विसरू नये.

भिंतींच्या बाबतीत वाट सोपी निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवलेले इमल्शन रंग आले. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. हे रंग लवकर वाळतात, वास कमी देतात व तैलरंगाप्रमाणे काळोख्या खोलीत पिवळे पडत नाहीत.

खरी अडचण आहे ती लोखंडाची. पाण्याचा पृष्ठताण टर्पेंटाइनच्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे तेलकट पत्र्यावर ते पसरत नाही, थेंब धरते. उघड्या लोखंडावर ओला थर वाळण्यापूर्वीच तांबूस गंज फुटू शकतो. त्यासाठी गंजरोधक द्रव्ये मिसळावी लागतात. शिवाय पावसाळी दमट हवेत पाणी उडतच नाही. टर्पेंटाइनला हवेतील ओलाव्याची तशी पर्वा नसते. म्हणूनच युरोपीय संघाच्या २०१०पासूनच्या मर्यादेत घराच्या आतल्या साध्या भिंतीच्या रंगाला लिटरमागे ३० ग्रॅम बाष्पशील द्रव्याची मुभा आहे, तर लाकूड-धातूच्या द्रावकयुक्त रंगाला ३०० ग्रॅमची. कायद्यालाही लोखंडापुढे नमते घ्यावे लागले.

मात्र सर्वच धातूंना हा न्याय लागू नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ऑइलपेंट थेट लावला तर त्यातील तेलाची जस्ताशी क्रिया होऊन साबणासारखा थर बनतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. तेथे त्या कामासाठी केलेला पाण्यातील ॲक्रिलिक रंगच अधिक टिकतो.

तात्पर्य, जुन्या रंगाचा दम द्रावकात होता तितकाच खालच्या तयारीतही होता. गृहस्थांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खिडकीच्या गजांवरील तेलकटपणा व गंज पूर्ण काढून, सुक्या दिवशी प्रथम गंजरोधक प्रायमर द्यावा. ऑइलपेंट स्वस्तात पातळ करण्यासाठी रॉकेल मिसळू देऊ नये. ते सावकाश उडते आणि थर चिकट व निस्तेज राहतो. पाण्यातील रंग दिलेली दारे काही दिवस चौकटीला घट्ट लावू नयेत, नाहीतर ती चिकटतात. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : आपल्या देशात घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव पुष्कळ. तो ‘दमदार’ जुना रंग कोरडा घासू नये. पाणी मारून ओलाच घासावा, धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि मुलांना व गर्भवती स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे. द्रावक उडून जातो. शिसे मात्र घरातच राहते.